आधी कणेरी, मग पन्हाळा: मुलाबाळांसह मुंबईहून कोल्हापूरला निघालेल्यांसाठी

दिवाळीत आमच्या चाळीच्या गॅलरीत मुलं किल्ला करतात. विटा, किंतान, कुंड्यांमधली माती, उतारावर पेरलेले अळीव आणि लालबागच्या बाजारातून आणलेले मावळे. दोन वर्षांपूर्वी महाराजांना सिंहासनावर बसवून झालं आणि माझ्या धाकट्याने विचारलं, "आई, वर एवढी माणसं आहेत, त्यांचं जेवण कुठून येतं?" मी म्हटलं, खालच्या गावातून. तो म्हणाला, "मग गाव कुठाय?"

गाव नव्हतंच. आम्ही कधी केलंच नव्हतं.

त्याच हिवाळ्यात आम्ही कोल्हापूरला गेलो. एका टूरवाल्याने एका दिवसात अंबाबाई, ज्योतिबा, पन्हाळा, कणेरी मठ आणि रंकाळा बसवून दिले होते. पन्हाळ्यावर भर दुपारी पावणेदोन तास, कणेरीला संध्याकाळी दारं बंद व्हायच्या बेताला. मुलं गाडीत झोपलेली, सासूबाईंचे गुडघे सुजलेले. परत आल्यावर धाकट्याला काय आठवत होतं? गाडीतला पंखा.

पुढच्या वर्षी आम्ही स्वतः आखून गेलो. दोनच मुख्य जागा, दोन दिवस, आणि क्रम ठरवून: आधी गाव (कणेरीचं ग्रामजीवनाचं संग्रहालय), मग गड (पन्हाळा). त्या फेरीने सगळा फरक पडला. तेव्हापासून ओळखीतली जी जी कुटुंबं जातात त्यांना मी हेच सांगते, म्हणून आता एकदा नीट लिहून काढते. मूल साधारण सहा वर्षांपुढचं असेल आणि घरातली मोठी माणसं बरोबर असतील, असं धरून लिहिलंय.

१. तारीख ठरवा

सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऊन सोसतं, गडावर वारा असतो आणि कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळं चालू असतात (त्याचं पुढे सांगते, ते चुकवू नका).

मे महिन्यात शाळेला सुट्टी असते म्हणून सगळे निघतात. गेलात तर गडावर सकाळी आठ ते अकरा आणि मग चारनंतर, मधले तास सावलीत. पावसाळ्यात पन्हाळा सुंदर असतो यात शंका नाही, पण धुकं इतकं दाट उतरतं की गडाच्या कड्यावरच्या सज्जाकोठीत उभं राहून दरी दिसत नाही. शिवाय अतिवृष्टीत गडाकडे जाणारा रस्ता खचून बंद पडल्याचे प्रकार झालेत. लहान मुलं असतील तर जुलै-ऑगस्ट टाळा.

आता गर्दीचं. नवरात्रात अंबाबाईमुळे अख्खं शहर भरलेलं असतं. चैत्र पौर्णिमेला ज्योतिबाची यात्रा असते आणि ज्योतिबाचा डोंगर पन्हाळ्याच्या वाटेवरच येतो, तेव्हा त्या आठवड्यात पन्हाळ्याकडे फिरकूच नका. एरवीही रविवारी ज्योतिबाला गुलाल-खोबरं घेऊन निघालेल्यांची गर्दी असते. म्हणून माझा हिशेब असा: गुरुवारी रात्री मुंबईतून निघायचं, शुक्रवारी कणेरी, शनिवारी पन्हाळा, शनिवारी रात्रीच्या गाडीने परत. रविवार घरी झोपायला. शाळेचा एक दिवस बुडतो, पण वर्गशिक्षकांना चिठ्ठी लिहून कारण सांगितलं तर आमच्या शाळेत तरी कुणी नाही म्हटलं नाही.

२. तिकिटं काढा

महालक्ष्मी एक्स्प्रेस हा कोल्हापूरला जाण्याचा जुना आणि अजूनही सोयीचा मार्ग. रात्री आठच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, दादर-कल्याणला थांबते आणि सकाळी साडेसातच्या आसपास कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसला पोहोचते. मुलं रात्रभर झोपतात, दिवस वाया जात नाही. वेळ बदलत असते, तिकिटावर छापलेलीच धरा.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते, त्यामुळे घरातली जुनी माणसं अजून "चार महिने आधी काढ" म्हणतात. दिवाळी-नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर साठाव्या दिवशी सकाळी आठला बसा. तत्काळवर विसंबू नका. आणि तत्काळ ऑनलाइन काढायचं झालं तर तुमच्या खात्याला आधार जोडलेलं लागतं, ते आदल्या आठवड्यातच करून ठेवा. त्या दिवशी सकाळी ओटीपीची वाट बघत बसलात की गाड्या भरून जातात.

मुलांच्या बाबतीत इथे हमखास घोळ होतो. पाच वर्षांखालच्या मुलाला बर्थ नको असेल तर तिकीट नाही. पाच ते अकरा पूर्ण वर्षांपर्यंत बर्थ न घेता अर्धं भाडं, पण बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. रात्रीच्या प्रवासाला आठ वर्षांचं पोर मांडीवर घेऊन कुणी झोपत नाही. पूर्ण तिकीट काढा.

एसटीने जाणार असाल तर महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना मोफत. पण आमच्या सासूबाईंसारख्या गुडघेवाल्या माणसाला रात्रभर बसून नेऊ नका. रेल्वेचा खालचा बर्थ मागून घ्या. स्वतःची गाडी असेल तर पुणे-सातारा-कराडमार्गे पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं, आणि पुण्याच्या पुढे रुंदीकरणाची कामं लागली की आठ तासांचे दहा होतात.

३. कागद आणि पिशवी

कागद थोडेच लागतात, पण मूळ प्रती लागतात:

- घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र. हॉटेलात एकट्याचं दाखवून भागत नाही.
- मुलांचं आधार किंवा जन्मदाखल्याची प्रत. अर्ध्या तिकिटावर वयाचा प्रश्न आला तर हेच उपयोगी पडतं.
- एसटीत ज्येष्ठांची सवलत घ्यायची असेल तर त्यांचं आधार त्यांच्याच पर्समध्ये ठेवा, तुमच्या नको. आमच्याकडे एकदा कार्ड माझ्याकडे होतं, मी मुलासाठी पाणी आणायला खाली उतरले होते, आणि कंडक्टर सासूबाईंपुढे उभा.

पिशवीत: प्रत्येकाला पकड असलेले बूट (चप्पल नाही), टोपी, पाण्याच्या बाटल्या, एक चांगली बॅटरी, गुडघ्याचा पट्टा आणि मलम, सुटे पैसे, मुलांसाठी वही-पेन्सिल. मोबाइलच्या उजेडावर पन्हाळ्यावरची अंधार बाव (काळोखी विहीर) बघता येत नाही, म्हणून बॅटरीचं आवर्जून सांगते. आणि हिवाळ्यात जाड स्वेटर. मुंबईकर स्वेटर घ्यायला विसरतात आणि पहाटे सांगली-मिरजेला थंडीने जागे होतात.

४. उतरल्यावर पहिला तास

स्टेशनबाहेर पडलात की मध्यवर्ती बसस्थानक जवळच आहे आणि राहायच्या जागाही त्याच भागात भरपूर. खोली दुपारी बारालाच मिळेल असं सांगितलं तर वाद घालत बसू नका. सामान ठेवून अंघोळीपुरती सोय होईल का एवढं बुकिंग करतानाच फोनवर विचारून घ्या.

दोन दिवसांसाठी एकच गाडी ठरवली तर सोयीचं पडतं. ठरवताना चार गोष्टी मोकळेपणाने बोलून घ्या: एकूण किती, थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का, पन्हाळ्यावरचा प्रवेशकर आणि पार्किंग कुणी द्यायचं, आणि "वाटेत" कुठे कुठे थांबायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. ठरवलं नाही तर वाटेत चपलेची दोन दुकानं आणि मसाल्याचं एक येतंच.

आम्हाला मिळालेले चालक मामा साठीचे होते. पहिला प्रश्न, "कुठनं आलासा?" मुंबईहून म्हटल्यावर म्हणाले, "मग आधी पोटाचं बघा. उपाशी पोरं काय बघत न्हाईत." मिसळ खाऊन निघालो. मुलांसाठी तर्री वेगळी मागा, ती वेगळ्या वाटीत देतात.

५. पहिला दिवस: कणेरी

कणेरी मठ शहरापासून साधारण बारा किलोमीटरवर आहे, कागल-निपाणीच्या दिशेला, गोकुळ शिरगावजवळ. तिथे सिद्धगिरी मठाच्या आवारात ग्रामजीवनाचं संग्रहालय उभारलंय. सुमारे सात एकरांत पसरलेलं, ऐंशीच्या आसपास देखावे आणि तीनशेच्या घरात माणसांचे पुतळे. पुतळे सिमेंटचे आहेत. पुष्कळ लोक "मेणाचं म्युझियम" म्हणून सांगतात आणि मुलं मेणाचे सिनेनट बघायला मिळणार या आशेने येतात. मुलांना आधीच खरं सांगा: आपण एक गाव बघायला चाललोय, यंत्रं आणि पैसा शिरण्याआधीचं.

साडेनऊ-दहापर्यंत पोहोचा. तीन तास तरी राखून ठेवा. फोटोचे नियम तिकिटाच्या खिडकीवरच विचारून घ्या, आत गेल्यावर रखवालदाराशी हुज्जत नको.

आत गेल्यावर लोक एक चूक करतात: रांगेत चालत राहतात. ऐंशी देखावे तीन-तीन मिनिटांत बघितले तर चार तास होतात आणि डोक्यात काहीच राहत नाही. आम्ही मुलांना वही दिली आणि एकच काम सांगितलं: प्रत्येक माणसापाशी विचारायचं, "हा गावाला काय देतो आणि गाव याला काय देतं?"

सुतार नांगर करून देतो, लोहार फाळ शेवटून, म्हणजे धार लावून देतो, कुंभार मडकी, परीट धुणं, न्हावी हजामत, गुरव देवळाचं. आणि गाव त्यांना काय देतं? धान्य. सुगीला खळ्यावर रास पडली की ज्याचं त्याचं बलुतं तिथेच मोजून दिलं जायचं. वर्षभराच्या कामाचा मोबदला एकदाच, सुपात आणि पोत्यात. मोठ्या मुलीने वहीत ओळी मारल्या होत्या: नाव, काम, मिळतं काय. तिसरा रकाना सगळीकडे सारखाच निघाला, आणि ते तिचं तिलाच सापडलं.

इथे आई-बापांनी एक गोष्ट आपणहून सांगायची. कुणी कुठलं काम करायचं हे जन्मावरून ठरत होतं, आणि कुणी कुठे राहायचं, कुठल्या विहिरीचं पाणी भरायचं, हेही. देखावा प्रसन्न असतो, माणसं हसरी असतात, त्यामुळे मुलांना ते सुखाचंच गाव वाटतं. मुलीला चवदार तळ्याचं शाळेत शिकवलं होतं. तिथेच उभी राहून तिने विचारलं, "म्हणजे यांच्यातल्या काहींना पाणी मिळायचं नाही?" हो, मिळायचं नाही. एवढं सरळ उत्तर पुरतं.

मोटेपाशी (बैल लावून विहिरीचं पाणी वर काढायची ती) आम्ही अर्धा तास होतो आणि तो अर्धा तास सासूबाईंचा होता. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं, मोट त्यांनी चालताना पाहिलेली. त्यांनी नातवंडांना उतरती वाट दाखवली, "ही धाव. बैल हितनं खाली जायचे, की मोट वर यायची." मग जाड दोर नाडा, बारीक तो सोंदूर. नाडा मोट ओढतो, सोंदूर तिचं तोंड ओढून पाणी थारोळ्यात ओततो, थारोळ्यातून पाटात. "आणि माझे वडील मोटेवर गायचे," म्हणाल्या. मी वीस वर्षं त्यांच्या घरात आहे, हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी हळू आवाजात दोन ओळी म्हटल्या. मागे पुण्याकडचं एक कुटुंब उभं होतं, तेही थांबलं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: घरात सत्तरीच्या पुढचं, गावात वाढलेलं माणूस असेल तर त्यांना घरी ठेवून जाऊ नका. सावकाश चाला, मध्ये बसवा. पाटीवर लिहिलेलं नसतं ते त्यांना येतं.

बाहेर पडल्यावर जेवा आणि खोलीवर जाऊन दोन तास झोपा. संध्याकाळी अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर चक्कर. बाकी काही ठेवू नका.

६. दुसरा दिवस: पन्हाळा

सकाळी सातला निघा. वीस किलोमीटरच आहे, तासाभरात वर पोहोचता. गाडी थेट गडावर जाते, कारण पन्हाळा हा ओसाड किल्ला नाही. वर वस्ती आहे, नगरपरिषद आहे, शाळा आहे. हे मुलांना आधी सांगा, नाहीतर "हा काय किल्ला, इथे तर दुकानं आहेत," असं पहिलंच वाक्य येतं.

कागदावरची ओळख थोडक्यात. बाराव्या शतकाच्या शेवटी शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने बांधला. सात किलोमीटरांहून अधिक तटबंदी. पुढे आदिलशाहीत आणि तिथून महाराजांकडे, नोव्हेंबर १६५९ मध्ये, अफजलखानाच्या वधानंतर काही दिवसांतच. मध्ये हातून गेला तो १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसांनिशी परत घेतला. पुढे ताराराणींच्या काळात करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या गादीची राजधानी. कवी मोरोपंतांचा जन्मही इथलाच, १७२९ चा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात पन्हाळा आहे.

वाटाड्या घ्यायचा की नाही? घ्या, पण आधी दर ठरवा आणि सांगा की मुलांशी बोलायचं आहे. आणि गड या क्रमाने बघा:

*अंबरखाना आधी.* बहुतेक लोक तीन दरवाजाकडे धावतात आणि अंबरखाना राहिलाच तर शेवटी, थकल्यावर बघतात. उलटं करा. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन कोठारं आहेत. गंगा सगळ्यात मोठी, तिच्यात २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. एक खंडी म्हणजे वीस मण. मुलांना गुणाकार करायला लावा, आमच्या गाडीत त्यावर चांगलीच चर्चा झाली. बाहेरच्या बाजूने वर जाणारा जिना आहे. छताला भोकं आहेत, धान्य वरून ओतायचं. आत शिरलात की एकदम थंडावा लागतो, आणि मान वर केली की त्या भोकातून उजेडाचा गोल खाली जमिनीवर पडलेला दिसतो. धाकटा त्या गोलात जाऊन उभा राहिला आणि वर बघत म्हणाला, "कालच्या गावातलं इथे पडायचं!" आदल्या दिवशी खळं बघितलं नसतं तर ही त्याच्यासाठी एक रिकामी खोली होती.

मग तिथेच बसून वेढ्याची गोष्ट सांगा. मार्च १६६० मध्ये महाराज गडावर असताना आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने गडाला वेढा घातला. राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून त्याला मदत केली. वेढा जुलैपर्यंत चालला, भर पावसातही ढिला झाला नाही. आत हजारो माणसं. रोज किती धान्य लागत असेल, हा प्रश्न त्या कोठारात बसून विचारला की मुलं गप्प होतात.

*मग पुतळे.* बाजीप्रभूंचा पुतळा गडावर शिरतानाच दिसतो. शिवा काशिद यांच्यापाशी मात्र मुद्दाम थांबा. महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले त्या रात्री दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात हे बसले, पकडले गेले आणि मारले गेले. जवळच्या नेबापूरचे, नाभिक. मुलीने वही उघडून आदल्या दिवसाची ओळ काढली: "न्हावी. काम: हजामत. मिळतं: धान्य." त्यापुढे तिने काय लिहिलं ते मी वाचलं नाही, तिने वही मिटली.

*तीन दरवाजा आणि अंधार बाव.* दोन्ही एकमेकांजवळच आहेत. तीन दरवाजावर कोरीवकाम आणि फारसी शिलालेख आहे, तो हाताने चोळू नका आणि मुलांनाही चोळू देऊ नका. अंधार बाव म्हणजे नुसती विहीर नाही, तीन मजली वास्तू आहे, खाली पाणी. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून असा बंदोबस्त. पायऱ्या गुळगुळीत झाल्यात आणि उजेड कमी. मोठ्या माणसाने पुढे, बॅटरी त्याच्याकडे, मुलाचा हात धरलेला. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वरच थांबावं. आम्ही सासूबाईंना वर बसवलं, तर त्यांना तिथल्या पिठलं-भाकरी करणाऱ्या बाईंशी बोलायला मिळालं आणि आमचं दुपारचं जेवण तिथेच ठरलं.

*सज्जाकोठी शेवटी.* पूर्वेच्या कड्यावर, वरच्या मजल्यावरून खालचा सगळा मुलूख दिसतो. जानेवारी १६८० मध्ये शिवाजी महाराज आणि संभाजी महाराजांची शेवटची भेट इथे झाली असं गडावर सांगतात. कठडे कमी आहेत, सेल्फीसाठी मुलांना काठावर जाऊ देऊ नका. वारा जोराचा असतो, टोपी हातात धरा.

'चार दरवाजा' नावाचा गडाचा जुना दरवाजा शोधत फिरू नका. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी (गड राखणाऱ्या शिबंदीने) उठाव केला, त्यानंतर इंग्रजांनी तो पाडून टाकला. जागा आहे, दरवाजा नाही. आणि "आलोच आहोत तर पावनखिंड आणि विशाळगडही करून येऊ," हा मोह हमखास होतो. चालकही म्हणतात, एवढं काय लांब नाही. लांब आहे. घाटाचा रस्ता, मुलं दमलेली, रात्रीची गाडी पकडायची. पावनखिंडीसाठी वेगळा दिवस ठेवा, नाहीतर मुलं मोठी झाल्यावर जुलैच्या पदभ्रमंतीला न्या.

तीन-साडेतीनला गड उतरा.

७. वाटेत गुऱ्हाळ

हे फक्त हंगामात, साधारण दिवाळीनंतर ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत. कणेरीतलं गाव सिमेंटचं आहे, हे जिवंत आहे. उसाच्या पट्ट्यात रस्त्याकडेला धूर आणि गोडसर वास आला की गाडी थांबवायला सांगा. आधी विचारा, "बघितलं तर चालेल का?" कामाच्या मध्ये जाऊन उभं राहू नका.

चरकातून रस निघतो, मोठ्या काहिलीत पडतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं पेटलेली. मळी वर यावी म्हणून रानभेंडीचं पाणी घालतात, मळी झाऱ्याने काढून टाकतात. मग सगळी मदार गुळव्यावर, म्हणजे गूळ शिजवणाऱ्यावर. आम्ही पाहिलेले गुळवे काका पाण्याच्या भांड्यात थेंब टाकत, बोटांनी गोळी वळत, आणि एका क्षणी नुसते "हं" म्हणाले. चार माणसांनी लगेच काहील उचलून वाफ्यात ओतली. एवढ्या मोठ्या काहिलीचा निर्णय त्या एका बोटावर. धाकट्याला त्यांनी उसाच्या कांड्यावर गरम गूळ गुंडाळून दिला.

काहिलीजवळ मुलांना जाऊ देऊ नका. उकळता रस उडाला तर गंभीर भाजतं. पाच हात लांब उभं राहा, मुलांचे हात आपल्या हातात.

गूळ आणि काकवी तिथेच घ्या. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे त्या नावाने शहरात काहीही विकलं जातं, पण इथे तुमच्या डोळ्यांसमोर ओतलेलं असतं. अगदी पिवळाधमक गूळ मागू नका. तांबूस, जरा काळसर असेल तो घ्या. काकवी काचेच्या बरणीत द्या म्हटलं तर मिळत नाही, म्हणून घरून झाकण घट्ट बसणारी स्टीलची किटली नेली तर उत्तम.

८. परतीची रात्र

गाडी सुटण्याच्या तासभर आधी स्टेशनवर असा. जेवण बांधून घ्या, पण तांबडा-पांढरा रस्सा डब्यात नेऊ नका, तो बसूनच जेवायचा. चपला घ्यायच्या असतील तर पहिल्या संध्याकाळी घ्या, शेवटच्या तासात माप चुकतं. किटली बर्थखाली उभी ठेवा आणि तिच्या झाकणाला आतून प्लास्टिक लावा. कल्याणला गाडीचा धक्का बसतो.

या वर्षी दिवाळीत गॅलरीतला किल्ला नेहमीपेक्षा ठेंगणा झाला, कारण निम्मी माती खाली गेली. खाली खळं आहे, मोट आहे (काडेपेटीची), आणि गडावर तीन खोकी आहेत, त्यांच्या झाकणांना भोकं पाडलेली. शेजारच्या काकूंनी विचारलं, ही भोकं कशाला? धाकट्याने मूठभर तांदूळ आणून एका भोकातून ओतून दाखवले.